किती जवळ येऊ द्यावे

एखाद्या पक्ष्याच्या दिशेने माणूस चालत गेला तर तो नेमका कोणत्या क्षणी उडतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटत असला तरी शहरी पक्ष्यांविषयीच्या गेल्या काही दशकांतील संशोधनाचा बराचसा भाग याच प्रश्नाभोवती उभा राहिलेला आहे. त्याचे उत्तर जातीगणिक, गावागणिक आणि कित्येकदा एकाच गावात पेठेगणिक बदलते, आणि हा बदल पाहण्यासाठी तापीकाठच्या बऱ्हाणपूरसारखे सोयीचे शहर शोधूनही सापडणे कठीण आहे. मोठ्या शहरांत बहुधा शहर संपून रान सुरू होईपर्यंत दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. बऱ्हाणपुरात मात्र शनवारा आणि इतवारा या जुन्या दरवाजांच्या आत गल्लीबोळांची दाटी, तिला टेकून वाहणारी नदी, पलीकडे केळीच्या बागा, उत्तरेला वीसेक किलोमीटरवर अशीरगडाचा डोंगर आणि पूर्वेला मेळघाटाकडे सरकत जाणारा खकनारचा जंगलपट्टा, असे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानांनी वसवलेल्या या गावात माणसांची वर्दळ सहाशे वर्षांत कधी थांबलेली नाही, त्यामुळे येथील पक्ष्यांना माणूस नवीन नाही. नवीन असते ती त्या त्या वेळची त्याची वागणूक.

उडण्यामागचा हिशेब

पक्षी माणसाला पाहतो तो क्षण आणि तो उडतो तो क्षण यांमध्ये बरेच काही घडत असते. आधी तो खाणे थांबवून मान वर करतो. निरीक्षक त्या वेळी जितका दूर असतो त्याला सावधतेचे अंतर म्हणतात. त्यानंतरही पक्षी काही काळ जागीच राहतो आणि मग उडतो. त्या वेळचे अंतर ते उड्डाणारंभ अंतर. मोजण्याची रीत अगदी साधी आहे. निरीक्षक ठरावीक संथ गतीने पक्ष्याच्या रोखाने सरळ चालत जातो, पक्ष्याने मान वर केली की एक खूण जमिनीवर टाकतो, तो उडाला की दुसरी, आणि मग पक्षी बसला होता त्या जागेपासून दोन्ही खुणांची अंतरे मोजतो. या पद्धतीला महागडी उपकरणे लागत नसल्याने जगभर अशा मोजण्या हजारोंनी झालेल्या आहेत, आणि त्यांतून वारंवार दिसून आलेली गोष्ट अशी की एकाच जातीचे शहरातले पक्षी खेड्यातल्या पक्ष्यांपेक्षा माणसाला पुष्कळच जवळ येऊ देतात, मोठ्या आकाराचे पक्षी लहान पक्ष्यांपेक्षा लवकर उडतात, आणि जेथे शिकार होते तेथे हे अंतर झपाट्याने वाढते.

सावध झाल्यावरही पक्षी लगेच का उडत नाही, याचे कारण उडणे फुकट नसते. पंखांना शक्ती लागते, समोरचे अन्न सुटते, घरट्यातले पिल्लू उघडे पडते, आणि रिकामी झालेली जागा दुसराच कोणी बळकावतो. थांबण्यातला धोका उडण्याच्या किमतीपेक्षा मोठा ठरेल तेव्हाच उडणे परवडते, असा हा व्यवहार आहे. गांधी चौकाच्या गर्दीत माणूस दिसला की उडायचे असे एखाद्या साळुंकीने ठरवले तर तिला दिवसभरात एक दाणाही मिळणार नाही. म्हणून ती माणसाकडे दुर्लक्ष करीत नाही, तर त्याच्या चालीचा, दिशेचा आणि हातांचा अदमास घेत राहते. सरळ पुढे निघून जाणाऱ्या पादचाऱ्याला पाय चुकवण्यापुरती बाजू देते आणि तिच्याकडे रोखून वळणाऱ्याला पाहताच उडते. शहरातले पक्षी धीट झाले असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्यात पक्ष्याची भीती नाहीशी झाली असा जो अर्थ गृहीत धरलेला असतो तो बरोबर नाही. भीती तशीच राहते, फक्त तिचा खर्च अधिक काटकसरीने केला जातो.

हे बदल घडतात कसे, यावर अभ्यासकांची दोन मते आहेत. एक मत असे की प्रत्येक पक्षी आपल्या आयुष्यात अनुभवाने सरावतो. दुसरे असे की शहर ही एक चाळणी आहे: मुळातच कमी बुजरे असलेले पक्षी तेवढे शहरात टिकतात, वाढतात आणि तोच स्वभाव पुढच्या पिढीला देतात. युरोपातील कस्तुर पक्षी एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रामुख्याने रानातला होता आणि आज तो तिथल्या बागांतला नित्याचा पक्षी आहे. शहरी आणि रानटी कस्तुरांची पिल्ले एकाच ठिकाणी सारख्याच परिस्थितीत हाताने वाढवून पाहिली तेव्हा शहरी वंशाच्या पक्ष्यांमध्ये ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक कमी वाढत असल्याचे जर्मनीतील संशोधकांना आढळले. म्हणजे केवळ सरावाने सगळ्याचा उलगडा होत नाही.

मशिदीचे पारवे

बऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अलीखान फारुकीच्या काळात, १५९० च्या आसपास पूर्ण झाली. अरबीबरोबरच संस्कृत शिलालेख असलेली मशीद म्हणून इतिहासकार तिची दखल घेतात, तर पारव्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व काळ्या दगडांच्या कमानींत, दोन उंच मिनारांत आणि त्यांच्या कंगोऱ्यांत आहे. पारवा मूळचा कड्यांवरचा पक्षी. काड्यांचा जेमतेम पसारा मांडून अंडी घालायला त्याला सपाट दगडी कोनाडा आणि समोर मोकळी जागा एवढेच लागते. मध्ययुगीन दगडी वास्तू त्याला नेमके तेच देते, आणि काच-सिमेंटच्या इमारतींनीही वातानुकूलन यंत्रांमागच्या फटी देऊन ही सोय अलीकडे चालू ठेवली आहे.

पारव्याचा माणसाशी संबंध निवाऱ्यापुरता नाही. अशीरगडाच्या वेढ्याच्या निमित्ताने १६०० मध्ये बऱ्हाणपुरात आलेला आणि याच मशिदीत आपला विजयलेख कोरून घेणारा अकबर कबुतरांचा विलक्षण शौकीन होता. कबुतरे उडवण्याच्या खेळाला त्याच्या दरबारात ‘इश्कबाजी’ म्हणत आणि ‘आईन-ए-अकबरी’त दरबारच्या वीस हजारांहून अधिक कबुतरांची नोंद आहे. पाळीव कबुतरे सुटतात, रानपारव्यांत मिसळतात, आणि चौकाचौकांत दिसणारा थवा अशा कित्येक पिढ्यांच्या सरमिसळीतून तयार होतो. दाणे टाकणाऱ्याच्या हातापर्यंत येणारा पारवा शेतातल्या विहिरीच्या कोनाड्यात मात्र माणसाची चाहूल लागताच पंख फडफडवीत बाहेर पडतो, याचे एक कारण या वंशभेदात आणि दुसरे रोजच्या अनुभवात असावे.

हा अनुभव पारवा माणसांच्या सरसकट जमावाशी न जोडता व्यक्तीशी जोडतो, हे पॅरिसमधील एका प्रयोगात दिसले. साधारण सारख्या बांध्याच्या दोन संशोधिका वेगवेगळ्या रंगांचे कोट घालून पारव्यांना दाणे टाकीत. त्यांपैकी एक पक्ष्यांना हुसकावी, दुसरी शांत उभी राही. पुढे दोघींनी हुसकावणे पूर्ण थांबवले आणि आपसांत कोटही बदलले, तरी पारवे पहिलीला टाळत राहिले. कपडे बदलतात, चेहरा बदलत नाही, हे मोकाट शहरी पारव्यांना कोणीही न शिकवता कळते.

पारव्यांना दाणे घालणे हे बऱ्हाणपुरात काय किंवा मुंबईत काय, पुण्याचे काम मानले जाते आणि त्यामागची भावना खरी असते. पण त्याचा परिणाम पक्ष्यांच्या संख्येवर आणि माणसांच्या फुप्फुसांवर होतो हेही तितकेच खरे. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांतील कण सतत श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना होणारा दाह वैद्यकशास्त्राला परिचित आहे. याच कारणावरून २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश निघाला, दादरला त्यावरून रण पेटले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादात दोन्ही बाजूंनी पारव्याविषयी पुष्कळ बोलले गेले, मात्र दाण्यांचा ढीग नसता तर इतके पारवे तिथे असतेच का, हा साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

घारींचा बाजार

मटण-मासळीच्या बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारीचा माणसाशी असलेला संबंध आणखी गुंतागुंतीचा आहे. खाटकाने फेकलेला तुकडा हवेतल्या हवेत पंजात पकडून नेणारी घार गर्दीच्या डोक्यांवरून हातभर अंतराने जाते, आणि तीच घार रिकाम्या माळावर बसलेली असताना शंभर पावलांवरून उडून जाते. दिल्लीतील घारींवर निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले आहे. जुन्या दिल्लीत घारींना मांसाचे तुकडे उधळण्याचा, म्हणजे सदका म्हणून त्यांना खाऊ घालण्याचा रिवाज आहे; ज्या वस्त्यांत असे खाऊ घालणे चालते आणि उघड्यावर कचरा पडतो, तेथे घारींची घरटी दाट असतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याहून लक्षणीय निष्कर्ष पुढचा: अशाच वस्त्यांतील घारी घरट्याजवळ येणाऱ्या माणसावर अधिक त्वेषाने झडप घालतात. खायला देणाऱ्याला पक्षी मवाळ वागवील ही अपेक्षा येथे साफ चुकते. माणसाच्या सतत जवळ राहिल्याने त्याच्या ताकदीविषयीचा धाक कमी होतो आणि भरपूर अन्नामुळे घरटे राखण्याचे मोल वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बऱ्हाणपुरात मोबाईल टॉवरवर किंवा निलगिरीच्या शेंड्यावर घारीचे घरटे असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याखालच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी डोके सांभाळावे, एवढा व्यावहारिक बोध या संशोधनातून घेण्याजोगा आहे.

घाटावर वाट पाहणारे

राजघाट, नागझिरी घाट, सतियारा घाट या तापीच्या घाटांवर पक्षी आणि माणूस यांची जी भेट होते तिच्यात माणूस पक्ष्याला बोलावत असतो. दहाव्याच्या विधीत पिंड ठेवला जातो, घरची माणसे मागे सरकतात, आणि कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या भाताच्या गोळ्यावर खिळतात. कावळा येत नाही. मग कोणी हात जोडून गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छेचा उच्चार करतो, धाकट्या लेकीचे लग्न करू, घराची वाटणी समजुतीने करू अशी वचने दिली जातात, आणि तरीही कावळा लिंबाच्या फांदीवरून मान वाकडी करून पाहतच राहतो. अखेर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची सोय शास्त्राने ठेवली आहे, यावरून हा अडथळा आजचा नाही हे उघड होते.

पक्षिवर्तनाच्या अंगाने पाहिले तर कावळ्याचा हा संकोच अनाकलनीय नाही. टक लावून पाहणारे डोळे हे बहुतेक प्राण्यांच्या लेखी शिकाऱ्याचे डोळे असतात. इंग्लंडच्या किनारी गावांत एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कुरव पक्ष्यांवर एक छोटा प्रयोग केला: फ्रेंच फ्राइजची पिशवी समोर ठेवून एकदा माणूस पक्ष्याकडे रोखून पाहत राहिला, एकदा तोंड फिरवून बसला. रोखून पाहत असताना पिशवीपर्यंत यायला कुरवांना सरासरी २१ सेकंद अधिक लागले. घाटावर तर एक नव्हे, पंधरा-वीस जण एकाच ठिकाणी डोळे लावून स्तब्ध उभे असतात, आणि रोज वर्दळीत वावरणाऱ्या कावळ्याला स्तब्ध जमाव ही संशयास्पद गोष्ट वाटावी यात नवल नाही. घाटावर वारंवार येणारे भटजी मंडळींना थोडे लांब जाऊन बसायला, पाठ करायला सांगतात. त्यामागची परंपरा वेगळी असली तरी पक्ष्याच्या दृष्टीने तो सल्ला अचूक आहे.

कावळा माणसामाणसांत फरक करतो हे अमेरिकेतील सिएटल शहरात जॉन मार्झलफ यांनी अत्यंत नाट्यपूर्ण रीतीने सिद्ध केले. २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, त्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही विद्यापीठाच्या आवारात फिरला की कावळे कर्कश ओरडून त्याच्या मागे लागत. मुखवट्याखाली माणूस कोण आहे याने फरक पडत नसे, आणि दुसरा, निरुपद्रवी ठरवलेला मुखवटा घातला तर ते फारशी दखल घेत नसत. वर्षे गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली, कारण कधीच पकडले न गेलेले कावळे आणि नंतर जन्मलेली पिल्लेही इतरांचे पाहून तो चेहरा शिकली. ती जात वेगळी होती, आपला गावकावळा वेगळा. पण जमिनीकडे वाकणारा माणूस दगड उचलतो आहे की चप्पल नीट करतो आहे, हे आपल्या गल्लीतला कावळाही बहुधा आधी ओळखतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत हाच कावळा उंदराच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होता, ही गोष्ट पितृपंधरवड्यात गच्चीवर वाडी ठेवून त्याची आळवणी करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

मागांच्या खटखटीत

बऱ्हाणपूर हे विणकरांचे गाव आहे. हातमाग गेले तरी यंत्रमाग राहिले, आणि त्यांची खटखट कित्येक मोहल्ल्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत चालू असते. आवाजाने पक्षी उडून जातो असे नाही, पण त्याचे बोलणे बुडते. नेदरलँड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे रामगंगा पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३ मध्ये आढळले. रहदारीची घरघर खालच्या पट्टीत असल्याने तिच्यावरून आवाज काढण्याचा तो उपाय होता. मागाचा खडखडाट मात्र सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे पट्टी बदलून फारसे साधत नाही. उरतो तो वेळ बदलण्याचा उपाय. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात दिवसा गोंगाट असलेल्या भागांतले रॉबिन रात्री गाताना आढळले आहेत. मोहल्ल्यातल्या दयाळाला पहिला माग सुरू होण्याआधीचा काळोख, किंवा निमाडच्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर अचानक पसरणारी शांतता, एवढेच अवकाश मिळत असणार.

चिमणीची जुनी सोयरीक

माणसाच्या इतक्या जवळ दुसरा कोणताच रानपक्षी राहत नाही, आणि ही जवळीक चिमणीच्या शरीरात उतरलेली आहे. चिमणीची एक उपजात, जिला बॅक्ट्रिअन चिमणी म्हणतात, मध्य आशियात माणसापासून दूर राहते आणि हिवाळ्यात भारताच्या वायव्य भागात स्थलांतर करून येते. या रानचिमणीच्या आणि घरचिमणीच्या जनुकांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दोन फरक ठळकपणे पुढे आले: एक कवटीच्या आकाराशी निगडित, दुसरा पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या विकराशी. दोघींच्या वाटा सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी, म्हणजे शेती सुरू होण्याच्या सुमारास वेगळ्या झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. धान्य खाऊ लागलेल्या माणसाच्या कोठारामागे ती आली आणि मग तिने कोठार सोडले नाही.

म्हणूनच चिमणीच्या बाबतीत माणसाला ती किती भिते हा प्रश्न गौण ठरतो. तिला घर आहे की नाही हा खरा प्रश्न. बऱ्हाणपूरच्या जुन्या पेठांतील लाकडी तुळयांची घरे, कौलांखालच्या फटी, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरींमागची जागा, दारात धान्य निवडणाऱ्या बायका आणि नाल्याकाठच्या झुडपांतले किडे, कारण पिल्लांना पहिले काही दिवस दाण्यांऐवजी किडेच लागतात, हे सगळे एकत्र असेल तरच तिचा संसार चालतो. घर पाडून स्लॅबची इमारत उठली आणि धान्य निवडूनच पिशवीत येऊ लागले की माणसे तीच राहतात, चिमणी जाते. २०२० च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालाने देशभरात चिमणी साधारण टिकून असल्याचे आणि सहा महानगरांत मात्र ती घटल्याचे नोंदवले. बऱ्हाणपुरासारखी मधली गावे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहेत; त्यांची बांधकामे ज्या दिशेने निघाली आहेत ती पाहता फार काळ मध्ये राहतील असे वाटत नाही.

नदीपलीकडे

तापी ओलांडून जैनाबादकडे गेले की अंतरांची मापे एकदम बदलतात. मोगल काळात या काठावर आहूखाना, म्हणजे हरणे राखून ठेवलेले शिकारीचे उद्यान होते, आणि १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात मृत्यू पावलेल्या मुमताज महलचे पहिले दफन तेथेच झाले. आता सभोवती केळी आहेत. बागेला पाणी सोडले की गायबगळे मजुराच्या खांद्याला खांदा लावल्यासारखे ओल्या सरीतून चालतात, कारण फावड्याने उलटलेल्या ढेपेतून किडे बाहेर पडतात. ट्रॅक्टर चालू असेल तर त्याच्या चाकापासून दोन-तीन हातांवर निर्धास्त असतात. तोच बगळा रिकाम्या हातांनी बांधावरून येणाऱ्या अनोळखी माणसापासून लांब उडून बसतो. काम करणारा माणूस आणि काम नसलेला माणूस हा भेद तो करतो, आणि दुसऱ्याला धोकादायक समजतो. केळफुलातल्या मधासाठी येणारे शिंजीर या विचारात पडत नाहीत. इतक्या लहान आणि चपळ पक्ष्याला माणसापासून फारसे भिण्याचे कारण नसते.

टिटवीचे तंत्र निराळे. ती वाळूत किंवा नांगरटीत उघड्यावर अंडी घालते, म्हणून माणूस दूर असतानाच उठून आरडाओरडा करते आणि त्याला भलत्याच दिशेला नेते. नदीपात्रातून वाळूचे ट्रॅक्टर दिवसभर जात असतील तर हा खेळ प्रत्येक वेळी खेळावा लागतो, आणि मे महिन्याच्या उन्हात उघडी पडलेली अंडी काही मिनिटांत तापून निकामी होऊ शकतात. अशा वेळी पक्षी उडाला म्हणजे वाचला, असे म्हणता येत नाही.

हिवाळ्यात येणारी बदके तर शहरी पक्ष्यांच्या अगदी उलट वागतात. खाली जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यावर त्यांचे थवे उतरतात आणि होडी किंवा माणूस दोन-तीनशे पावलांवर असतानाच अख्खा थवा उठतो. ती ज्या मार्गाने येतात त्यावर कुठे ना कुठे बंदुका असतात, आणि एका देशात शिकलेली सावधगिरी दुसऱ्या देशाच्या सीमेवर उतरवून ठेवता येत नाही.

खकनारचा रानपिंगळा

शहरी वास्तूंच्या भोकांत राहणारा पिंगळा बऱ्हाणपुरात सर्वांच्या परिचयाचा आहे. संध्याकाळी विजेच्या तारेवर बसून मान फिरवीत तो खालच्या माणसाला न्याहाळतो. त्याचाच एक भाऊबंद याच जिल्ह्यातील खकनारच्या सागवनात राहतो आणि जगातील अत्यंत दुर्मीळ घुबडांपैकी एक आहे. या रानपिंगळ्याचा शेवटचा खात्रीलायक नमुना १८८४ मध्ये खानदेशात मिळाला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही आणि नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे झालेल्या पाहण्यांत खकनारच्या जंगलातही त्याची नोंद झाली.

शंभर वर्षे न दिसलेला पक्षी अतिशय बुजरा असावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९९७ मध्ये तो भर उन्हात, निष्पर्ण झाडावर उघड बसलेला सापडला, आणि तिघे त्याची छायाचित्रे घेत असताना बराच वेळ तिथून हललाही नाही. तो दिवसा शिकार करतो, मोकळ्या सागवनात सरडे आणि उंदीर पकडतो, गुरे चारणारे आणि सरपण गोळा करणारे लोक आसपास असले तरी आपल्या फांदीवर बसून राहतो. उड्डाणारंभ अंतर मोजले तर तो कदाचित गावातल्या पिंगळ्याच्या बरोबरीचा ठरेल. त्याला शहरात राहता येत नाही ते भीतीमुळे नव्हे. त्याला जुन्या झाडातली ढोली हवी, खाली विरळ गवत हवे आणि त्या गवतात सरडे हवेत. भिंतीतले भोक किंवा दिव्याखाली जमणारे किडे त्याला पुरत नाहीत. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या बाजूला वनजमिनीवरील अतिक्रमणांसाठी झालेल्या मोठ्या वृक्षतोडीच्या बातम्या आल्या, तेव्हा चर्चा हेक्टरांची आणि पोलीस बंदोबस्ताची झाली. तुटलेल्या झाडांपैकी किती झाडांना ढोल्या होत्या, याची नोंद ठेवण्याची पद्धत वनखात्याच्या पंचनाम्यात नाही.